डेथ कार्ड गाळू नका, नीट वाचा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवण्यांमध्ये बारा राशींचे साप्ताहिक टॅरो भविष्य, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून सांगितलेले भविष्य, हल्ली आपल्यासह अनेक वृत्तपत्रे छापतात. त्यात तेराव्या क्रमांकाचा पत्ता, म्हणजे डेथ (मृत्यू), जवळजवळ दिसतच नाही. दिसलाच तर 'घाबरू नका, हा सकारात्मक बदल आहे' अशा एका ओळीत त्याची बोळवण होते. मोबाइलवरच्या व्हिडिओंत नेमके उलटे घडते: पत्ता कॅमेऱ्यासमोर धरायचा, आवाज खाली आणायचा आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा आणायचा. ही दोन्ही वाचने चुकीची आहेत, आणि पहिले दिसायला निरुपद्रवी असले तरी त्यानेही नुकसान होते. म्हणून हे पत्र.

आधी गणित. टॅरोच्या संचात 78 पत्ते असतात. बारा राशींसाठी दर आठवड्याला बारा वेगवेगळे पत्ते काढले, तर 52 आठवड्यांत 624 पत्ते निघतात. त्याला 78 ने भागले की येतात 8. म्हणजे नीट पिसलेल्या संचातून डेथ वर्षभरात सरासरी आठ वेळा छापून यायला हवा. अख्ख्या वर्षात तो एकदाही आला नसेल, तर तो आधीच काढून ठेवलेला आहे किंवा पत्ते काढलेच जात नाहीत, एवढाच निष्कर्ष निघतो. प्रत्यक्ष समोर बसून होणाऱ्या वाचनातही तो दुर्मीळ नाही. तीन पत्त्यांच्या मांडणीत तो 26 वेळांतून एकदा येतो, दहा पत्त्यांच्या केल्टिक क्रॉस या मांडणीत साधारण आठांत एकदा. काही रीडर, म्हणजे पत्ते वाचणारे, संचातले फक्त 22 मुख्य पत्ते (मेजर अर्काना) वापरतात. त्यांच्याकडे तीनच पत्त्यांत तो सातांतून एकदा डोकावतो. एवढ्या वारंवार येणाऱ्या पत्त्याचा अर्थ घरातले मरण असता, तर कोणत्याही रीडरचा एक आठवडासुद्धा सुतकाशिवाय गेला नसता.

मुळात हे पत्ते भविष्यासाठी बनलेलेच नाहीत. 15व्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा इथल्या सरदारी घराण्यांत ते खेळण्यासाठी वापरत. मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा संचातला डेथ म्हणजे हातात धनुष्य घेतलेला सांगाडा. पुढे मार्सेय पद्धतीच्या संचात त्याच्या हाती लांब दांड्याचा विळा आला, खालच्या काळ्या जमिनीवर मुंडकी आणि हातपाय विखुरले, आणि बहुतेक संचांत पत्त्यावर नावच छापले गेले नाही, नुसता आकडा राहिला. भविष्यकथनाशी टॅरोचे नाते ठळकपणे जुळले ते 18व्या शतकाच्या उत्तरार्धात, फ्रान्समध्ये.

आज आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतो तो 1909 साली लंडनमध्ये निघालेला रायडर-वेट संच. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. या चित्राकडे निवांत पाहिले तर अर्ध्या शंका तिथेच फिटतात. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसला आहे. त्याच्या हाती शस्त्र नाही, काळे निशाण आहे आणि त्यावर पांढरा गुलाब. घोडा दौडत नाही, चालत येतो. ही संथ चाल महत्त्वाची, कारण या पत्त्यातला शेवट अचानक कोसळत नाही, तो बराच काळ दिसत असतो. समोर चार माणसे आहेत. राजा आडवा झालेला, मुकुट खाली पडलेला. धर्मगुरू उभा राहून हात जोडतो आहे. तरुणी गुडघ्यावर बसली आहे, पण तिने तोंड फिरवले आहे. लहान मूल मात्र सरळ घोड्याकडे पाहते आहे. एकाच घटनेला माणसे कशी सामोरी जातात, त्याच्या या चार तऱ्हा आहेत. वाचताना प्रश्नकर्त्याला विचारावे: यातले तुम्ही कोण? या एका प्रश्नातून जे बाहेर येते, ते दहा ठोकळेबाज अर्थांतून येत नाही. मागे नदी, तिच्यात होडी, आणि क्षितिजावर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य. हेच दोन मनोरे अठराव्या, मून पत्त्यावर पुन्हा भेटतात.

तेरा या आकड्याची धास्ती युरोपातली. आपल्याकडे तेराव्याला गोडाचे जेवण करून घर दुःखातून व्यवहारात परतते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मराठी प्रश्नकर्त्याला हा पत्ता समजावताना तेराव्याचे उदाहरण पटकन पोहोचते. आधी दहा दिवसांचे सुतक पाळले जाते, मग तेरावा येतो. डेथचा क्रमही तसाच आहे आणि 'फक्त बदल' म्हणणारे नेमके तिथेच चुकतात. चित्रातला राजा उठून बसत नाही. काय संपले याचा उच्चार न करता थेट नव्या सुरुवातीबद्दल बोलले, की ज्याचा धंदा बुडाला किंवा ज्याचे लग्न मोडले, त्या माणसाला आपले दुःखच नाकारले गेल्यासारखे वाटते. वेट यांनीही सुलट्या, म्हणजे चित्र सरळ आलेल्या, पत्त्याच्या अर्थांत शेवट, मर्त्यता, नाश हे शब्द आडपडदा न ठेवता दिले आहेत.

वाचनाची रीत सांगतो. उलटे पत्ते, म्हणजे चित्राचे डोके खाली आलेले, वेगळ्या अर्थाने धरायचे की नाही, हे पिसण्यापूर्वीच ठरवावे. डेथ उलटा दिसल्यावर सोयीने ठरवणे म्हणजे वाचन नव्हे. रायडर-वेटचे पत्ते मोठे असल्याने हातात नीट पिसले जात नाहीत. नुसते वरखाली केले की मागच्या वाचनातले शेजारी पुन्हा शेजारी येतात आणि 'तोच पत्ता सारखा येतोय' अशी भीती पसरते. सगळा संच टेबलावर पालथा पसरावा, दोन्ही हातांनी मिनिटभर गोल ढवळावा, मग गोळा करून काटावा. यात सुलटे-उलटेही आपोआप मिसळतात.

मग मांडणीतली जागा पाहावी, कारण प्रत्येक जागेचा अर्थ ठरलेला असतो. भूतकाळाच्या जागी डेथ आला तर गोष्ट संपून गेलेली आहे, हिशेब मनात उघडा राहिला आहे. वर्तमानात आला तर संपण्याची क्रिया चालू आहे. केल्टिक क्रॉसमध्ये दुसऱ्या, आडव्या जागेवर आला तर शेवटाला दिलेला नकार हाच अडथळा. हा पत्ता आडवा ठेवलेला असतो, म्हणून त्याला सुलटा-उलटा भेद लावू नये. सर्वांत जास्त घोळ होतो नवव्या जागेवर. ती आशा आणि भीतीची जागा आहे. तिथला डेथ माणसाच्या मनातली भीती दाखवतो, पण अनेक रीडर तो घडणारी घटना म्हणून सांगून मोकळे होतात.

उलट्या डेथबद्दल 'मरण टळले' हा अर्थ तर निव्वळ बाजारू आहे. वेट यांनी दिलेला अर्थ जडत्वाचा, सुस्तीचा, दगड होऊन बसण्याचा आहे. संपलेले सोडवत नाही आणि नवे धरवत नाही, अशी ती अवस्था. माझ्या मते सुलट्यापेक्षा उलटा पत्ता जड, कारण कात टाकायची वेळ उलटून गेली तरी ती अंगावरच असते.

शेजारचे पत्ते वेग आणि कारण सांगतात. सोबत टॉवर असेल तर धक्का बाहेरून आणि एकाएकी. एट ऑफ कप्स असेल तर माणूस स्वतः उठून चालला आहे. टेन ऑफ स्वोर्ड्स असेल तर वेदना तळाला पोहोचली आहे. सिक्स ऑफ कप्स असेल तर जुन्या आठवणी पाय ओढताहेत. टेम्परन्स हा क्रमाने चौदावा. तो पुढे आला तर सावरण्याला वेळ द्यावा लागेल.

समजा प्रश्न आहे 'या नोकरीत राहू का?' आणि भूत, वर्तमान, भविष्य या जागांवर आले टेन ऑफ वँड्स, सुलटा डेथ, एट ऑफ पेंटॅकल्स. पहिल्या चित्रात दहा काठ्यांच्या ओझ्याने वाकलेला माणूस, शेवटच्यात एकेक नाणे कोरत बसलेला कारागीर. इथे 'नवी नोकरी मिळणार' असे सांगणे चूक. कामाचा हा प्रकार झेपण्यापलीकडे गेला होता आणि आता तो संपतो आहे. पुढे तयार खुर्ची नाही, हात बसवण्याचे, नवे कसब शिकण्याचे काम आहे, एवढेच पत्ते म्हणतात. राजीनामा केव्हा द्यायचा, हे घरातली शिल्लक आणि कर्जाचे हप्ते पाहून त्या माणसानेच ठरवायचे.

काही प्रश्नांना पत्ते लावूच नयेत. आजारी माणूस वाचेल का, शस्त्रक्रिया करावी का, गर्भ टिकेल का, हे प्रश्न डॉक्टरांचे. त्या वेळी डेथ काय, सन, म्हणजे सूर्याचा पत्ता, आला तरी तो वाचू नये. डेथ दाखवून तोडगा, पूजा किंवा खडा विकणारा रीडर भेटला तर तिथूनच उठावे. पत्त्यात उतारा नावाची गोष्ट नसते. आणि समोरचा माणूस स्वतःचेच आयुष्य संपवण्याची भाषा करू लागला तर पत्ते ताबडतोब बाजूला ठेवावेत, त्याला एकटे सोडू नये आणि केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावून द्यावा. तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालतो.

आपल्या स्तंभात राशीला एकच पत्ता मिळतो. तिथे वाचकाचा प्रश्न नसतो, जागा नसते, शेजारी पत्ते नसतात. एवढ्यावरून लाखो वृषभ किंवा तूळ राशीवाल्यांच्या आयुष्यात काय संपणार, हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून विनंती अशी की प्रत्येक राशीपुढे पत्त्याचे नाव, तो सुलटा की उलटा आणि कोणता संच वापरला, हे छापावे. डेथ निघाला तर तो बदलून दुसरा काढू नये. त्याखाली भाकिताऐवजी वाचकाने स्वतःला विचारण्याजोगा एक प्रश्न द्यावा: जे संपले आहे हे मला ठाऊक आहे, ते मी अजून कशासाठी धरून ठेवले आहे?

आपला विश्वासू,
एक टॅरो अभ्यासक, ठाणे