मोगऱ्याला खत घालण्याआधी कुंडी बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बागकामाच्या चौकटीत आलं होतं की कुंडीतला मोगरा फुलत नसेल तर दर 15 दिवसांनी खत घाला. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय, कारण अगदी हेच मी चार वर्षं केलं आणि चारही वर्षं मोगऱ्याला नुसती पानंच पानं, कळीचं नाव नाही.

हा मोगरा माझ्या सासूबाईंनी चिपळूणहून आणलेला. बटमोगरा, गोल गच्च पाकळ्यांचा. एप्रिल-मेमध्ये रोज सकाळी ओंजळभर फुलं निघायची, देवाला वाहून माठात टाकायलाही दोन-चार उरायची. त्या गेल्या, मी नियमाने पाणी घालत राहिले, आणि फुलं कमी होत होत बंदच झाली. मग ज्याने जे सांगितलं ते केलं, डीएपी झालं, 19:19:19 झालं (ही दोन्ही दुकानातली रासायनिक खतं), आंबट ताक झालं, कांद्याच्या सालींचं पाणी झालं, शेवटी मातीवर पांढरा थर धरला आणि पानांची टोकं करपायला लागली. माझ्या हाताला झाड लागत नाही असं मी मनाशी धरूनच चालले होते. त्याचं फार वाईट वाटायचं, कारण झाड त्यांचं होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत शेणखत आणायला नर्सरीत गेले तर तिथल्या माळीदादांनी दोनच गोष्टी विचारल्या. पाणी घातल्या घातल्या कुंडीखालून निघून जातं का? आणि कुंडी शेवटची कधी बदलली? पहिल्याचं उत्तर हो होतं, दुसऱ्याचं मला माहीतच नव्हतं, सासूबाई असतानाही बदललेली मी कधी पाहिली नव्हती.

घरी येऊन कुंडी आडवी केली, कडेने थापटलं, खोड धरून हळूच ओढलं, काही केल्या निघेना. शेवटी हातोडीने कुंडीच फोडली. आत माती अशी नव्हतीच हो, फार तर दोन मुठी असेल. मुळं गोल गोल फिरून कुंडीच्या आकाराची टोपली विणल्यासारखी झाली होती, तळाशी तर काथ्याच्या पायपुसण्यासारखा जाड थर, आणि भोकावर ठेवलेली खापरी त्या मुळांनी पूर्ण गिळलेली. मी वरून जे ओतत होते ते त्यात मुरणार तरी कुठे? ते बघून मला अक्षरशः रडू आलं, इतकी वर्षं ते झाड आत कोंडलेलं आणि मी वरून खत घालतेय.

मग दादांनी सांगितलं तसं केलं. धारदार सुरीने तळाचा थर आणि बाजूची फिरलेली मुळं मिळून साधारण तिसरा हिस्सा कापला, मधला गड्डा तसाच ठेवला. वरच्या फांद्याही तितक्याच छाटल्या, कारण मुळं कमी झाली तर तेवढा पाला पोसणार कोण, आणि मोगऱ्याला फूल येतं तेही नव्या फुटीवर, त्यामुळे छाटणी करताना जीव खालीवर झाला तरी ती करायचीच. कुंडी आधीच्यापेक्षा फक्त 2 इंच मोठी घेतली, 12 इंची. फार मोठी घेतली तर मुळं नसलेली माती ओली राहते आणि मुळं कुजतात. मातीची नवी कुंडी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली, नाहीतर पहिलं पाणी तीच पिऊन टाकते. भोकावर एक खापरी, खडीचा थर नाही. मिश्रणात निम्मी तांबडी माती, पाव हिस्सा जुनं शेणखत, बाकी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि थोडी जाड वाळू, वर मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती कुंडीत घालू नका, ओली असली की चिकट गोळा आणि वाळली की भेगा. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच ठेवलं, वर इंचभर जागा पाण्यासाठी सोडली, खालून निघेपर्यंत पाणी दिलं आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवून मग उन्हात आणलं. महिनाभर खत अजिबात नाही, कापलेल्या मुळांना ते सोसत नाही.

मार्चमध्ये डोळे फुटले. एप्रिलच्या शेवटी एका सकाळी 11 फुलं निघाली आणि मे महिन्यात परत ओंजळ भरली.

म्हणून म्हणते, खताचा सल्ला चूक नाहीये पण तो नंतरचा आहे. चौकटीत शेवटी कुंडी बदलायची तर पावसाळ्यात बदला असंही होतं. नवीन रोप लावायला पावसाळा ठीक, पण मोगऱ्याची मुळं कापायची असतील तर थंडी ओसरताना, नवी फूट यायच्या आधी कापावी, भर पावसात कापलेली मुळं ओल्या मातीत सडायची भीती असते. शिवाय सगळ्या झाडांना एकच नियम लावू नये. बोगनवेल कुंडीत मुळं थोडी आवळलेली असली तर चांगली फुलते, तिला उगाच हलवू नका. गुलाबाची छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरात होते, कुंडीचं कामही तेव्हाच उरकावं. अडेनियमची (ते फुगीर खोडाचं फुलझाड) मुळं कापली तर चार-पाच दिवस सावलीत सुकवून मग लावायचं आणि लगेच पाणी घालायचं नाही.

अजून एक. आमच्या सोसायटीत कितीतरी जण रोप आणतात आणि काळ्या पिशवीसकट चिनी मातीच्या सुंदर कुंडीत ठेवून देतात, त्या कुंडीला खाली भोकही नसतं. मे आला की झाड जातं आणि मग "आमच्याकडे झाडं जगत नाहीत". पिशवी कापून काढायची हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा एक विनंती आहे. पुरवणीत आपल्या हवेला धरून, कुठल्या महिन्यात कुठल्या फुलझाडाची कुंडी बदलायची एवढं तरी एकदा छापा, आणि त्यात मोगरा पहिला घ्या. फेब्रुवारी नुकता लागलाय, येत्या रविवारी आलं तरी लोकांना वेळ मिळेल.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे