पाण्याखाली लाटा नसतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांच्या ‘समुद्राखाली वीस हजार लीग’ या कादंबरीवरून काही तरुण कलावंतांनी तयार केलेल्या मराठी श्रुतिका-मालिकेविषयी आपल्या अंकात आलेली चारही पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. त्या पत्रांना आपण ‘श्रोत्यांची नाराजी’ असा एकच मथळा दिला आहे. मी देवगड तालुक्यातल्या एका मच्छीमार गावात तीस वर्षे शाळेत शिकवले असून आता निवृत्त आहे. याच मालिकेचे आतापर्यंतचे सात भाग मी माझ्या घराच्या पडवीत गावातल्या पंधरा-वीस जणांबरोबर बसून ऐकले. आम्हीही नाराज आहोत. मात्र ज्या गोष्टींवर पत्रलेखक रागावले आहेत त्या आम्हाला आवडल्या, आणि ज्या गोष्टीने आमची माणसे अस्वस्थ झाली तिचा त्या चार पत्रांत उल्लेखही नाही. म्हणून हे पत्र.

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना समुद्रात जायला बंदी असते, त्यामुळे पुरुषमाणसे घरी असतात आणि दुपारभर जाळी शिवत बसतात. हाताला काम असते आणि कान मोकळे असतात. या घरांना रेडिओ नवा नाही. वाऱ्यापावसाचा इशारा त्यावरूनच ऐकायचा आणि तो सांगतो त्यावर विश्वास ठेवून होडी काढायची किंवा ओढून ठेवायची, असे दोन पिढ्या चालत आले आहे. आमच्या वाचनालयातल्या एका मुलाने मोबाइल छोट्या स्पीकरला जोडून पहिला भाग लावला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक आपापली जाळी घेऊनच पडवीत येऊ लागले.

तिसऱ्या भागात नॉटिलस ही पाणबुडी काही शे मीटर खोल गेल्याचे निवेदक सांगतो. त्याच वेळी मागे किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांचा मोठा आवाज वाजत राहतो. आमच्यातल्या एका वयस्क तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, हातातली सुई थांबवली आणि विचारले, “येवढ्या खाली लाट खंयसून इली?” त्यानंतर पडवीत जी चर्चा झाली तिच्यासारखी चर्चा मी वर्गात तीस वर्षांत घडवू शकलो नाही. वारा कितीही सुटला तरी पाणी वरवरच नाचते, खोल सोडलेल्या जाळ्याला त्याची फारशी खबर नसते, हे या लोकांना हातांनी ठाऊक आहे. भौतिकशास्त्रही तेच सांगते. लाटेची हालचाल खोलीबरोबर झपाट्याने मंदावते आणि दोन लाटांमधल्या अंतराच्या निम्म्या खोलीवर ती जवळजवळ नाहीशी होते. विशेष म्हणजे मूळ लेखकालाही हे माहीत होते. मालिकेत अजून न आलेल्या वादळाच्या प्रसंगात नॉटिलस पन्नास मीटर खाली जाते आणि तिथे तिला पूर्ण शांतता मिळते, असे व्हर्न यांनी लिहिले आहे. म्हणजे आमच्या तांडेलाचा आक्षेप कादंबरीच्या बाजूचा आहे आणि ध्वनिसंयोजन कादंबरीच्या विरुद्ध गेले आहे.

मग खाली ऐकू काय येते? हा प्रश्न मी मुद्दाम विचारला, कारण टीका करणाऱ्याने निदान काय हवे ते सांगावे. तांडेलाने सांगितले की त्याचे वडील वल्ह्याचे एक टोक पाण्यात ठेवून दुसऱ्या टोकाला कान लावीत आणि ढोम्यांचा थवा खाली आहे की नाही ते ओळखीत. ढोमा, घोळ हे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून खरोखरच ढोलकीसारखा आवाज काढतात. तारकर्लीला पर्यटकांना घेऊन बुड्या मारणारा आमच्या गावचा एक तरुण म्हणाला की खडकाळ भागात खाली गेले की तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज सतत येत राहतो. तो लहान कोळंबीच्या जातीच्या प्राण्यांच्या नांग्यांचा असतो. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने येतो, त्यामुळे तो उजवीकडून आला की डावीकडून हे कानाला समजत नाही, आणि लांबच्या होडीचे इंजिन आपल्या डोक्यातच सुरू आहे असे वाटते. श्रुतिका करणाऱ्याला याहून अधिक मौल्यवान माहिती कोण देणार? डोळ्यांची सोय नसलेल्या या माध्यमात समुद्राचे हे अंग रंगमंचाला किंवा पडद्याला कधी जमणार नाही इतके जिवंत करता आले असते. त्या जागी सर्वत्र एकच लाट पुन्हा पुन्हा फुटत राहिली.

याच तरुणाचा दुसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कादंबरीतली माणसे तांब्याचे शिरस्त्राण घालून समुद्रतळावर चालतात आणि त्यांच्या पाठीवरचे हवेचे यंत्र रुकेरोल आणि दनेरूझ या दोन फ्रेंच माणसांनी त्या काळात प्रत्यक्ष तयार केलेल्या यंत्रावरून घेतलेले आहे. शिरस्त्राणात बोलता येत नाही, म्हणून ही माणसे खुणा करतात. अटलांटिस या दंतकथेतल्या बुडालेल्या भूमीच्या अवशेषांसमोर उभे राहून प्राध्यापक आरोनाक्स हे काय आहे ते विचारू पाहतात, तेव्हा पाणबुडीचा कप्तान नेमो खडूसारख्या दगडाचा तुकडा उचलून काळ्या कातळावर ‘अटलांटिस’ हा एकच शब्द लिहितो. श्रुतिकेत मात्र नेमो तो शब्द पाण्याखाली ओरडून सांगतो आणि आरोनाक्स त्याला उत्तरही देतात. रोज पाण्याखाली जाणारा तो मुलगा हे ऐकून खिन्न झाला. खाली गेल्यावर स्वतःच्या श्वासाखेरीज माणसाचा दुसरा कोणताही आवाज नसतो, आणि त्या आवाजानेच धीर येतो किंवा सुटतो, असे तो म्हणाला. लिहिलेला शब्द ऐकवायचा कसा, ही अडचण खरी आहे. पण आरोनाक्स हेच कादंबरीचे निवेदक आहेत. श्वास, दगडावर दगड घासल्याचा आवाज, मग निवेदकाने हळूच वाचलेली अक्षरे, एवढ्यात तो प्रसंग उभा राहिला असता. हा मार्ग पडवीत बसलेल्या आठवीतल्या मुलीने सुचवला, माझा नाही.

आता छापून आलेल्या पत्रांकडे वळतो. एका पत्रलेखकाने लिहिले आहे की नेमोला भारतीय राजपुत्र करणे हा मराठी रूपांतरकारांचा लोकानुनय आहे. ही गंभीर चूक आहे आणि ती दुरुस्त झाली पाहिजे. १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत नेमोचे राष्ट्र गुप्त ठेवलेले आहे. लॅटिनमध्ये ‘नेमो’ म्हणजे ‘कोणीही नाही’. व्हर्न यांच्या मनात तो आधी रशियाविरुद्ध लढलेला पोलिश सरदार होता, पण त्यांचे प्रकाशक हेत्झेल यांनी त्याला विरोध केला. पुढे १८७४-७५ च्या दुसऱ्या कादंबरीत व्हर्न यांनी स्वतःच सांगितले की नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा दक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. रूपांतरकारांनी हे मनाने रचलेले नाही. त्यांचा दोष असलाच तर इतकाच की दुसऱ्या पुस्तकातले रहस्य त्यांनी पहिल्याच भागात सांगून टाकले. त्यामुळे सिंहलच्या मोत्यांच्या प्रसंगाचे बळ अर्धे झाले.

तो प्रसंग पाचव्या भागात आहे. पाणबुड्या मोती वेचण्यासाठी एकाच श्वासावर खाली येतो, शार्क त्याच्यावर येतो, नेमो हातातला खंजीर घेऊन मध्ये पडतो आणि शेवटी आरोनाक्स यांच्याबरोबरचा भालाईत नेड लँड याचा भाला त्या शार्कचा जीव घेतो. शुद्धीवर आलेल्या त्या गरीब माणसाच्या हातात नेमो मोत्यांची थैली ठेवतो. नंतर पाणबुडीवर परतल्यावर तो आरोनाक्स यांना म्हणतो की तो माणूस पिचलेल्यांच्या देशाचा रहिवासी आहे आणि अखेरच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा राहीन. हे वाक्य आले तेव्हा पडवीतल्या सर्वांचे हात थांबले होते. पण वाक्य पुरे होण्याआधीच पार्श्वसंगीतातली व्हायोलिने इतकी चढली की मागे बसलेल्यांना शेवटचे शब्द ऐकू आले नाहीत, आणि मुलाने तो भाग मागे नेऊन दोनदा पुन्हा लावला. ज्याचे नाव आणि गाव माहीत नाही अशा माणसाच्या तोंडी ते वाक्य आले असते आणि त्याच्यामागे काहीही वाजत नसते, तर काय झाले असते याचा मी अजून विचार करतो.

दुसऱ्या एका पत्रात नेड लँडला मालवणी बोलायला लावल्याबद्दल संताप आहे. मालवणीची थट्टा झाली, असे त्या वाचकाला वाटते. मालवणी आपल्या नाटकांत बहुतेक वेळा हसवण्यासाठी वापरली गेली, हे मला मान्य आहे आणि त्याची खंतही आहे. पण इथे तसे झालेले नाही. नेमोने पाणबुडीवर अडकवून ठेवलेल्या तिघांपैकी आरोनाक्स नॉटिलसच्या ग्रंथालयात रमतात, त्यांच्या नोकराला माशांची वर्गवारी पुरते, आणि हा भालाईत तेवढा पहिल्या दिवसापासून सुटकेचा विचार करतो. गावात मासे विकणारी एक बाई शांतपणे म्हणाली, “ह्येका एकट्याकच घराक जावचा हा.” तिचा नवरा आणि मुलगा दोघेही समुद्रावर असतात. नेडच्या मालवणीत तिला स्वतःच्या घरचा माणूस ऐकू आला.

कादंबरीच्या नावातले वीस हजार लीग ही खोली समजून एका पत्राने जो उपहास केला आहे, त्याला उत्तर एवढेच की ते प्रवासाचे अंतर आहे. चार किलोमीटरची एक लीग धरली तर ते ऐंशी हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या होते. त्याच प्रवासात नॉटिलस लक्षद्वीपच्या बेटांजवळून ओमानच्या आखाताकडे जाते. नकाशावर ती रेघ मी दाखवली तेव्हा मुलांना आपल्या समुद्राची दिशा ओळखता आली.

चार पत्रांवरून ‘श्रोत्यांची नाराजी’ असा निष्कर्ष काढताना वृत्तपत्राने सावध राहावे असे मला वाटते, आणि याला एक जुना दाखला आहे. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत ऑर्सन वेल्स यांनी एच. जी. वेल्स यांच्या मंगळावरच्या जीवांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीच्या १८९८ च्या कादंबरीची श्रुतिका बातमीपत्राच्या रूपात सादर केली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी देशभर हाहाकार उडाल्याचे छापले आणि ती कथा आजही सांगितली जाते. काही लोक खरोखर घाबरले होते, हे खरे. पण त्याच रात्री सुमारे पाच हजार घरी दूरध्वनी करून झालेल्या पाहणीत जेमतेम दोन टक्के लोक तो कार्यक्रम ऐकत होते, आणि पुढच्या अभ्यासकांना तो हाहाकार छापला गेला त्या प्रमाणात सापडला नाही. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही. आमच्या पडवीतल्या एकाही माणसाने आपल्याला पत्र लिहिले नव्हते, कारण श्रुतिकेवर मत लिहून पाठवायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

मालिकेत बर्फाखाली अडकण्याचा भाग, महाकाय माखल्यांचा भाग, वादळ आणि शेवटचा भोवरा अजून यायचे आहेत. बर्फाच्या भागात नॉटिलसमधली हवा संपत जाते आणि माणसे श्वासासाठी तडफडतात. तिथे पुन्हा लाटा आणि व्हायोलिने वाजली तर ते ऐकणे आमच्या लोकांना अवघड जाईल. म्हणून निर्मात्यांना माझी विनंती आहे की उरलेल्या भागांचे ध्वनिमुद्रण पक्के करण्यापूर्वी त्यांनी एकदा इकडे यावे. पाण्यात सोडता येणारा मायक्रोफोन तेवढा त्यांनी आणावा. नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळू लागले की तांडेल त्यांना स्वतःच्या होडीतून जिथे ढोमी बोलतात तिथे घेऊन जायला तयार आहे, बुड्या मारणारा मुलगा श्वासाचे आवाज द्यायला तयार आहे, आणि राहण्याजेवणाची व्यवस्था माझ्या घरी होईल. माझा पत्ता मी या पत्रासोबत स्वतंत्र कागदावर आपल्याकडे दिला आहे. तो कृपया त्यांच्यापर्यंत पोहोचवावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग