आमच्या कृषी सहायक ताईंना, शेतीशाळेतल्या बायांकडून

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या बदलीचा आदेश आला आणि ग्रामपंचायतीत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो, भाषणं. बोलले सगळे बापेच. कुणाचं शेततळं मंजूर झालं, कुणाला ठिबकचं अनुदान मिळालं, पोकरा या सरकारी शेती प्रकल्पात कुणाची विहीर बसली, हे त्यांनी सांगितलं आणि ते खरंच आहे. पण बाया मागे बसल्या होत्या, त्यांना कुणी माईक दिला नाही. म्हणून आमचं जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. सगळ्यांनी वाचावं असंच लिहिते आहे, कारण कळमनुरी तालुक्यातल्या एका आडबाजूच्या गावात तुम्ही काय केलंत ते गावाबाहेरही कळायला हवं.

ताई, तुम्ही आम्हाला शेतकरी धरलंत. सगळ्यात आधी त्याचे आभार.

पेरणीला मोघ्यावर बी सोडायला बाई, खुरपायला बाई, शेंगा तोडायला, कापसाची वेचणी करायला बाई, हळद शिजवताना आणि वाळवताना बाई. पण शेतीची बैठक म्हटली की मारुतीच्या पारावर बापे. घडीपत्रिका त्यांच्या हातात, मोबाईलवरचा कृषी सल्ला त्यांच्या मोबाईलवर. पिकात काय बिघडलंय ते सगळ्यात आधी दिसायचं आम्हाला, कारण वाकून काम आम्ही करतो, आणि त्याबद्दल बोलायचे दुसरेच. तुम्ही पहिल्याच महिन्यात विचारलंत, ‘तुमच्या रानात खुरपायला कोण जातं? मग शेतीशाळा त्यांची घेऊ.’ आणि वेळही आम्हाला विचारून ठरवलीत. सकाळी पाणी, भाकरी, पोरांची शाळा, मग रोजगार. दुपारच्या जेवणाच्या सुटीनंतर, आणि तेही बांधावरच. ऑफिसच्या वेळेत बसेल का, याची चिंता तुम्ही तुमच्याकडे घेतलीत, आमच्यावर टाकली नाहीत.

२०२० चा खरीप आमच्या गावात कुणी विसरणार नाही. त्या वर्षी महाराष्ट्रभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, त्यात आम्हीही होतो. पाऊस चांगला होता, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, चांगला होता, बॅगा विकतच्या होत्या, आणि आठ दिवसांनी रान काळंच दिसत होतं. कंपनीने पावसाकडे बोट दाखवलं, दुकानदाराने कंपनीकडे. दुबार पेरणीला पैसा कुठून आणायचा, या एका प्रश्नाने कितीतरी घरातलं सोनं गहाण पडलं. तेव्हा तुम्ही पंचनामे करत रानोमाळ फिरत होतात. पण खरं काम तुम्ही केलंत ते पुढच्या उन्हाळ्यात, जेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

मे महिन्यात तुम्ही अंगणवाडीच्या ओसरीवर आम्हाला बोलावलंत आणि घरचं सोयाबीन घेऊन यायला सांगितलंत. ओलं केलेलं बारदान जमिनीवर अंथरलंत. निवडून चांगले दाणे घ्यायचे नाहीत, पोत्यात हात घालून येतील ते घ्यायचे, हे पहिल्यांदा सांगितलंत. शंभर दाणे मोजले. दहा-दहाच्या ओळी लावल्या, दोन दाण्यांत बोटभर अंतर ठेवून. वरून दुसरं ओलं बारदान झाकलं, दोन्हीची मिळून वळकटी केली आणि सावलीला ठेवली. रोज पाणी शिंपडायचं काम एका आजींनी मागून घेतलं. सहाव्या दिवशी वळकटी उलगडली तेव्हा आम्ही सगळ्या जणी त्यावर वाकलो होतो. तुम्ही मोजलं नाहीत. आम्हाला मोजायला लावलंत. लांब पांढरा कोंब आलेले वेगळे, नुसते फुगलेले वेगळे, कुजलेले वेगळे. ७० च्या वर निरोगी कोंब आले तर बियाणं पेरायला चांगलं, थोडे कमी आले तर एकरी बियाणं त्या हिशेबाने वाढवायचं, फारच कमी आले तर ते बाजारात घालायचं, रानात नाही.

एवढं साधं होतं ताई. एक बारदान, शंभर दाणे, पाणी. पण कुणी दाखवलंच नव्हतं.

त्याच दिवशी तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत, ती आमच्या जास्त कामी आली. सोयाबीनचं वाण सरळ असतं, संकरित नाही. एकदा प्रमाणित बियाणं आणलं की पुढची दोन-तीन वर्षं त्याचंच बियाणं घरी ठेवून पेरता येतं. दरवर्षी बॅग घ्यायची गरजच नाही. फक्त दाण्याची साल फार नाजूक असते, म्हणून बियाण्यासाठीची मळणी करताना यंत्राचे फेरे कमी ठेवायचे, पोती आपटायची नाहीत, थप्पी उंच रचायची नाही, ओल लागू द्यायची नाही. आता मळणीवाल्याजवळ उभं राहून ‘फेरे कमी कर’ म्हणणारी बाई प्रत्येक घरात आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं एमएयूएस ६१२ हे सोयाबीनचं वाण तुम्ही गटाला मिळवून दिलंत. त्याचंच बियाणं आम्ही राखत गेलो, आणि त्या वर्षापासून आमच्या गटात पेरणीसाठी कर्ज काढलं गेलं नाही. बियाण्याचा खर्च गेला की पेरणीचं ओझं किती हलकं होतं, ते ज्याने सावकाराच्या ओट्यावर बसून काढलं त्यालाच कळेल.

बीजप्रक्रियाही तशीच. आधी बुरशीनाशक, ते सुकलं की मग रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, १० किलो बियाण्याला प्रत्येकी २५० ग्रॅम, आणि वाळवायचं ते सावलीत. उलटं केलं तर जिवाणू मरतात. का मरतात, तेही सांगितलंत. फुलोऱ्याच्या सुमारास एक झाड मुळासकट उपटायला लावलंत. मुळांवर गाठी होत्या, त्यातली एक नखाने फोडली तर आत गुलाबी. ‘गुलाबी म्हणजे हवेतला नत्र झाडाला मिळतोय, तेवढा युरिया तुमचा वाचला.’ आमच्यातल्या एकीने लगेच शेजारच्या, प्रक्रिया न केलेल्या पट्ट्यातलं झाड उपटून आणलं. गाठी थोड्या, त्याही आतून फिकट. तुम्हाला पुढे काहीच बोलावं लागलं नाही.

शेतीशाळेत तुम्ही आम्हाला कीड मोजायला शिकवलंत. गावात पद्धत अशी होती की शेजाऱ्याने फवारलं की आपण फवारायचं, आणि दुकानात जे देतील ते. तुम्ही पांढरं कापड आणलंत. दोन ओळींच्या मधे ते अंथरायचं, मीटरभर ओळ हलक्या हाताने हलवायची आणि कापडावर काय पडलं ते बघायचं. उंटअळी किती, तंबाखूची पानं खाणारी अळी किती. आणि त्याच कापडावर ढालकिडे किती, कोळी किती, कारण ते किडी खाणारे, आपल्या बाजूचे. मीटरभर ओळीत ३-४ अळ्यांच्या पुढे गेलं तर फवारणीचा विचार, नाहीतर पैसे पदरात ठेवा. चक्रीभुंग्याची मादी देठावर दोन गोल कापे घेते, त्यांच्या मधे अंडं घालते आणि वरचं पान सुकून लोंबतं, ते तर आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो होतो. उन्हाने सुकलं म्हणून सोडून द्यायचो. आता खुरपता खुरपता ते पान खालच्या कापाखालून खुडून घेतो आणि जाळून टाकतो. हे काम बाईचंच आहे, कारण पंपवाल्याला ते उभ्याने दिसत नाही.

निंबोळी अर्काने तर गावातल्या कडुलिंबांना मालक मिळाले! जून-जुलैत निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या, ५ किलो भरडून ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्याने गाळायच्या, त्यात लिटरभर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण घालायचा आणि एकूण १०० लिटर करायचं. झाला ५ टक्के अर्क. अळ्या बारीक असताना, पहिल्या फवारणीला. तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रातले शास्त्रज्ञ तुम्ही आमच्या बांधावर आणलेत तेव्हा आमच्याच आजींनी त्यांना कृती सांगितली, आणि त्यांनी ती मधे न बोलता ऐकून घेतली. त्याबद्दल त्यांचेही आभार.

औषधांचं तुम्ही जे शिकवलंत त्याला मोलच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. यवतमाळ काही आमच्यापासून फार लांब नाही. आमच्याकडे पंप पाठीवर पुरुषाच्या असतो, पण पाणी वाहून देणारी, औषध कालवणारी, संध्याकाळी ते कपडे धुणारी बाई असते. तिचा विचार फवारणीच्या कुठल्याच पत्रकात असल्याचं मी पाहिलेलं नाही. तुम्ही डब्यावरच्या चौकोनातला रंगीत त्रिकोण ओळखायला शिकवलंत: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही रंग कळतो. वाऱ्याच्या दिशेनेच फवारायचं, औषध काठीने ढवळायचं, कपडे वेगळे धुवायचे, रिकामा डबा ठेचून पुरायचा, त्यात तेल-मीठ भरायचं नाही. गर्भार बाईने त्या रानात पाऊलही टाकायचं नाही, हे तुम्ही तिच्या सासूसमोर सांगितलंत. ते सासूसमोर सांगणं महत्त्वाचं होतं.

रुंद सरी वरंब्यावर टोकण करायची, म्हणजे मधे सऱ्या सोडून रुंद वरंब्यांवर हाताने बी टोचून लावायचं, ती तुमचीच कल्पना. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशात नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता म्हणतात. सपाट पेरलेलं सोयाबीन माना टाकत होतं, त्यातच पिवळा मोझॅक रोग आला. वरंब्यावरच्या झाडांनीही सोसलं, पण तग धरला. आणि ज्या वर्षी धो धो पडलं त्या वर्षी त्याच सऱ्यांतून पाणी धुऱ्याबाहेर निघून गेलं.

आता जे तुमच्या कामाच्या यादीत कधीच नव्हतं ते. महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज भरताना तुम्ही विचारलंत, सातबारा कुणाच्या नावावर? आमच्यापैकी बहुतेकींच्या घरात उत्तर एकच होतं, नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या. लक्ष्मीमुक्तीबद्दल तुम्ही सांगितलंत तेव्हा म्हाताऱ्या बायांना शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या सभा आठवल्या. नवऱ्याने बायकोचं नाव स्वखुशीने सातबाऱ्यावर लावावं म्हणून संघटनेने ती चळवळ केली आणि १९९२ साली सरकारनेही तसं परिपत्रक काढलं. अर्ज कसा करायचा ते तुम्ही लिहून दिलंत, तलाठ्याशी बोललात, आणि घरोघरी जाऊन नवऱ्यांशीही बोललात. काही घरांत चहा मिळाला, काही घरांत दार अर्धंच उघडलं. तरी काही जणींची नावं लागली. त्यातल्या एकीने तो उतारा देवघरात ठेवला आहे. ज्यांची लागली नाहीत त्याही अजून मागत आहेत.

ताई, तुमच्याकडे एक गाव नव्हतं, कितीतरी होती. पंचनामे, पीक विम्याच्या तक्रारी, ई-पीक पाहणी, ‘पीएम किसान’चे अडकलेले हप्ते, वरून रोज मागवलेली माहिती, आणि गावात बसायला धड खोलीही नाही. आता तुमचं पद सहाय्यक कृषी अधिकारी झालं, चांगलं झालं. पण शिकवण्याचं काम हेच तुमचं मूळ काम आहे आणि त्यालाच वेळ उरत नाही, हे बघून आम्हाला राग येतो. विद्यापीठातलं संशोधन आमच्या वरंब्यापर्यंत पोचायचं ते तुमच्या स्कूटीवरून. ती दिवसभर तहसीलच्या फेऱ्या मारत राहिली तर संशोधन परभणीतच राहणार. कृषी विभागातल्या वरिष्ठांपैकी कुणी हे वाचत असेल तर हात जोडून सांगते, ताईंच्या जागी लवकर माणूस द्या, आणि त्याला आठवड्यातला एक दिवस तरी निव्वळ बांधावर राहू द्या.

शेतीशाळा बंद पडलेली नाही. दुपारची वेळ तीच आहे. कापडावरची मोजणी आता नवीन सुना करतात आणि वहीत लिहून ठेवतात. यंदा शेजारच्या गावातल्या बायांनी बोलावलं आहे, उगवण तपासणी दाखवायला आमच्यातल्या चौघी जाणार आहेत. तुमच्या नव्या गावात कुणाचं बियाणं कमी उगवलं तर बॅग घ्यायला लावू नका. एमएयूएस ६१२ चे काही कट्टे आम्ही तपासून, निवडून वेगळे ठेवले आहेत. नुसता फोन करा, हिंगोलीहून एसटीने पाठवून देऊ. भाडं आम्ही भरू.

आपल्या,
महिला शेतीशाळेतल्या सगळ्या जणी
ता. कळमनुरी, जि. हिंगोली