न्गोरोंगोरोच्या ड्रायव्हरभाऊंना

प्रिय भाऊ,

तुम्हाला मराठी येत नाही हे मला ठाऊक आहे. तरी मराठीतच लिहितेय, कारण आई म्हणाली, "आभार मानायचे तर आपल्या बोलीत मान, पोटातलं तेव्हाच येतं." इंग्रजी करून तुम्हाला पाठवीनच. पण हे आपल्याकडच्या लोकांनीही वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी तिला नुसतं धुकं दिसतं, कडेकडेचं तेवढं थोडं कळतं. टांझानियाची सहल ठरली तेव्हा इथल्या आयोजकाने पैसे मोजून घेतले आणि मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "आजींना दिसतच नाही, तर एवढ्या लांब नेऊन उपयोग काय?" आई मागेच उभी होती. डोळे गेलेत तिचे, कान नाहीत.

पहिले दोन दिवस ज्या गाडीत होतो तिथेही तेच. सगळ्यांचे कॅमेरे खटाखट वाजायचे, आई हळूच विचारायची, "काय आहे गं?" आणि पुढच्या सीटवरून "शूऽऽ" यायचं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिने विचारणंच सोडलं. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. ते हात बघून मला काय झालं ते आजही लिहवत नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आलात. न्गोरोंगोरोच्या विवराच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या त्या प्रचंड खळग्याच्या, काठावर पहाटेचं धुकं होतं, अंगात कापरं भरवणारी थंडी होती. तुम्ही वाकून म्हणालात, "शिकामू, बीबी." बीबी म्हणजे आजी, आणि शिकामू म्हणजे मुळात 'तुमचे पाय धरतो', हे तुम्ही सांगितलंत आणि आईचा हात आपसूक आशीर्वादाला उठला. 'मराहबा' हे त्याचं उत्तर ती एका दमात शिकली. तुमच्याकडे गाडीला 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', आणि सफारी म्हणजे नुसता प्रवास, आपली सफर, हे ऐकून तर ती केवढी हरखली! "म्हणजे आपण काही परक्या मुलखात नाही," म्हणाली. मग गाडी सुरू करण्याआधी तुम्ही विचारलंत, "बीबीला कोणत्या बाजूने जास्त दिसतं?" चार वर्षांत हा प्रश्न घरातल्याही कुणी विचारला नव्हता. मीही नाही.

उतरताना तुम्ही सांगत होतात आणि मी मराठीत सांगत होते. लाखो वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा माथा आत कोसळला आणि ही कढई झाली. कडे 600 मीटर उंच, तळ सुमारे 260 चौरस किलोमीटर. आईने जिराफ विचारला, तर म्हणालात की तो या तळात राहत नाही, कडे फार उभे आणि खाली त्याच्या खाण्याजोगी झाडं कमी. तळाशी पोचल्यावर इंजिन बंद करून तुम्ही तिला नुसतं ऐकू दिलंत. चोहीकडून ते बैलासारखे दिसणारे वाइल्डबीस्ट घुमत होते, जवळच झेब्रे करकर गवत तोडत होते. मी स्वतः ते आवाज तोवर ऐकलेच नव्हते.

आणि मग ती सिंहीण. माळावर झाड नाही, म्हणून उन्हात सिंह गाड्यांच्या सावलीला येतात, तशी ती आली. तुम्ही काच वर केलीत. ती आईच्या दारालाच पाठ टेकून बसली. गाडी एकदा हलली. आईने मान वळवली, पण इतक्या खालचं तिला काहीच दिसेना. तेव्हा एक शब्द न बोलता तुम्ही पुढून मागे वळलात, आईचा उजवा हात मनगटाशी धरलात आणि तळवा दाराच्या आतल्या पत्र्यावर सपाट टेकवलात. त्या हातावर क्षणभर तुमचा हात होता, मग काढून घेतलात.

आईचं तोंड उघडं राहिलं. बऱ्याच वेळाने कुजबुजली, "धापा टाकतेय गं ती. दमलीय बिचारी."

तेवढ्यात रेडिओवर 'किफारू' ऐकू आलं. गेंडा! तो शब्द एव्हाना मलाही कळत होता. भोवतालच्या गाड्या धूळ उडवत निघाल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आईच्या हाताकडे पाहिलंत आणि रेडिओचा आवाज बारीक केलात. सिंहीण आपणहून उठेपर्यंत आपण तिथेच होतो. गेंडा आम्हाला शेवटपर्यंत दिसला नाही, भाऊ. मला त्याची तिळमात्र हळहळ नाही.

न्गोइतोकितोकच्या तळ्याशी घारी हातातला घास पळवतात म्हणून आपण गाडीतच डबे उघडले. तेव्हा कळलं, तुमची आजी शेवटची कित्येक वर्षं आंधळी होती आणि गोठ्यातली प्रत्येक शेळी पाठीवर हात फिरवून ओळखायची. म्हणजे हे तुम्ही तिच्यापाशी बसून शिकलात. आमच्याकडेही घरोघरी अशी म्हातारी माणसं आहेत. त्यांना काय दिसत नाही, काय ऐकू येत नाही, काय झेपत नाही, एवढंच आम्ही मोजतो. त्या आयोजकाला मी परत आल्यावर फोन केला आणि त्या हाताची गोष्ट सांगितली. तो गप्प राहिला.

आई आता गोधडी शिवतेय, तुमच्या धाकट्या मुलीसाठी. तिच्या दोन जुन्या सुती साड्या आहेत, एक हिरवी आणि एक मी लहान असताना ती सणाला नेसायची ती. सुई मी ओवून देते, टाके ती बोटांनी चाचपून घालते. काही ठिकाणी ओळ वाकडी गेलीय, ती उसवायला निघाले तर तिने हात धरला. पावसाळ्याआधी पूर्ण होईल असं म्हणते. पत्ता तेवढा कळवा.

आणि तिने सांगितलंय की शेवटी हे लिहायचंच: मराहबा, लेकरा.

तुमची बहीण,
कोल्हापूर