खारीचा पिंजरा

कोलंबस, ओहायो
२० जानेवारी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण, झोप, थंडी, हीटर हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते गाळते. ऑफिसातली एकजण पुण्याला येतेय. तिच्या बॅगेत बदाम, बाबांच्या गुडघ्यांचं मलम आणि हे पत्र देतेय. हाताने लिहायचं कारण एवढंच की फोनवर आई मला एक वाक्य पुरं करू देत नाही.

तर आई, संक्रांतीला व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे तुला जो पिंजरा दिसला, त्याबद्दल. ‘मुक्या जीवाला कोंडून ठेवतेस? हेच शिकवलं का आम्ही?’ असं म्हणून तू फोन सरळ आजीच्या हातात दिलास. आजीला तर खारी हे कुत्र्याचं नाव आहे हेच कळलं नाही. ती म्हणाली, चहाबरोबर एकच खा, मैदा असतो.

त्याला इथे क्रेट म्हणतात. तारांचा असतो, दाराला कडी असते, म्हणजे दिसायला पिंजराच, हे मान्य. पण कुत्रं असलेल्या ज्या ज्या घरी मी गेले, तिथे बहुतेक ठिकाणी तो दिसला. सोफ्याच्या शेजारी, जणू तेही बसायचं सामान. मलाही पहिल्यांदा कसंतरीच झालं होतं. स्वीडनमध्ये घरातल्या कुत्र्याला असं ठेवायला कायद्याने मनाई आहे, हे बाबा शोधून काढतीलच, म्हणून मीच सांगून टाकते. पण इथे पिल्लाला शिस्त लावायची ती अशीच, आणि त्यामागे एक साधी गोष्ट आहे: कुत्रं शक्यतो झोपायची जागा घाण करत नाही. उभं राहता येईल, गोल फिरता येईल, पाय ताणून झोपता येईल, एवढीच जागा दिली की ते धरून ठेवायला शिकतं. आपण नाही का तान्ह्या बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवत? ते काय कोंडणं असतं?

चूक माझी झाली ती दुसरीच. मी आणला भला मोठा क्रेट. वाढत्या अंगाचा! तुमचीच मुलगी. माझा पाचवीचा युनिफॉर्म आठवीपर्यंत पुरला होता, तो हिशोब डोक्यात. खारी जेमतेम अडीच किलोची. तिने पहिल्याच रात्री क्रेटचे दोन भाग पाडले, एका कोपऱ्यात शयनगृह आणि दुसऱ्यात संडास. सकाळी पाहते तर बाईसाहेब कोरड्या टॉवेलवर ऐसपैस. मग कळलं की त्याच खोक्यात तळाशी एक जाळीची फळी होती. ती मधे अडकवून जागा लहान करायची आणि पिल्लू वाढेल तशी सरकवायची. मी ती फळी शू-रॅक समजून बाल्कनीत ठेवली होती.

भुंकण्याचं प्रकरण जास्त अवघड गेलं. आपल्या वाघ्याने रात्रभर भुंकलं तर लोक म्हणतात, कुत्रं राखणीला चांगलं आहे. इथे रात्री १० नंतर आवाज केला तर बिल्डिंगच्या ऑफिसातून चिठ्ठी येते. मला दोन आल्या. मी क्रेट स्वयंपाकघरात ठेवला होता आणि ती भुंकली की धावत जाऊन दार उघडत होते. म्हणजे चार दिवसांत तिने मला शिकवलं, भुंकलं की यायचं! आता ती क्षणभर गप्प बसली की मगच कडी काढते. आणि क्रेट उचलून माझ्या पलंगाला लावून ठेवलाय. रात्री कुरकुरली तर मी तारेतून दोन बोटं आत सोडते, ती हुंगते आणि झोपते. खरं तर सगळा फरक त्यानेच पडला. तू म्हणतेस ना, मी पाच वर्षांची होईपर्यंत तुझा पदर मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हते. असो.

आधी डॉक्टरांना दाखवलं बरं का, उगाच शिस्तीच्या नावाखाली आजार नको. त्यांनी लघवीचा नमुना मागितला. कुत्र्याच्या लघवीचा नमुना कसा घ्यायचा, सांगा बघू? डावाने! मी बर्फात वाकून तिच्या मागे मागे आमटीचा डाव घेऊन फिरत होते आणि ती वळून वळून बघत होती. (डाव वेगळा आणला होता. तुझा पितळी डाव जागच्या जागी आहे.) संसर्ग वगैरे काही निघाला नाही. वय लहान, अंग लहान, तेवढंच कारण.

पिल्लू जितक्या महिन्यांचं साधारण तितके तास धरतं, असा इथला ढोबळ हिशोब. खारी चार महिन्यांची. म्हणून रात्री साडेआठला पाण्याची वाटी उचलायची, साडेदहाला बाहेर न्यायचं आणि मधे अडीचचा गजर. उचलून जिना उतरायचा, फावड्याने मोकळ्या केलेल्या तुकड्यावर ठेवायचं, ‘शू कर’ म्हणायचं. लाड नाही, खेळ नाही, दिवाही मोठा लावायचा नाही. झालं की परत आत. तिला इंग्रजी ‘सिट’ अजून कळत नाही, ‘शू कर’ पक्कं कळतं. आत झालेलं पुसायचं औषधही वेगळं असतं. अमोनियावाल्या फिनाइलने पुसलं तर त्यांना तो लघवीचाच वास वाटतो आणि पुन्हा तिथेच.

म्हणजे आई, त्या दिवशी तुमच्या दुपारच्या १ ला मी फोन केला आणि तू घाबरलीस की पोरगी एवढ्या रात्री का जागी, त्याचं कारण हे. रडत नव्हते. थंडीने नाक वाहत होतं. उणे बारा होतं. आणि रात्री एकटी बाहेर म्हणजे काही रस्त्यावर नसते, बिल्डिंगच्या मागच्या दाराशीच, दिव्याखाली. गेले नऊ दिवस क्रेट कोरडा आहे. गजर रोज पंधरा-पंधरा मिनिटं पुढे ढकलतेय, काल पावणेपाचला उठलो.

तिचं लायसन्सही काढलं. ओहायोत तीन महिन्यांपुढच्या प्रत्येक कुत्र्याचं काढावं लागतं, ३१ जानेवारीच्या आत. गळ्यात बिल्ला असतो, तो रात्री पट्ट्यासकट काढून ठेवते, तारेत अडकू नये म्हणून. देवाच्या फळीपाशी ती जात नाही, हे आजीला सांगा. द्राक्षं, मनुका, कांदा तिला विषासारखे, त्यामुळे माझी कांद्याची टोपलीसुद्धा आता वर गेली आहे.

आता बाबांसाठी. या महिन्यात पैसे कमी पाठवले, ते तुम्ही विचारलं नाहीत, पण आईने विचारलं. कुत्र्याची अनामत ३०० डॉलर, वर दरमहा ३५ डॉलर तिचं भाडं. हो, कुत्र्याचं भाडं. पुढच्या महिन्यापासून पूर्ववत. कर्जाचे हप्ते सात राहिलेत, ते चुकणार नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र माझ्या येण्यासाठी थांबवू नका. मे महिन्यात दादाच्या लग्नाला मी येणारच असं म्हणाले होते. आले तर व्हिसाचा शिक्का मुंबईत नव्याने घ्यावा लागेल, तो अडकला तर नोकरी इथे आणि मी तिथे. अजून नाही म्हणत नाहीये. पण हॉलवाल्याला माझ्यासाठी तारीख बदलायला सांगू नका.

सांगलीच्या मुलाशी बोलले. चांगला वाटला. त्याने विचारलं, लग्नानंतर कुत्र्याचं काय करणार. मी म्हटलं, तू काय करणार ते सांग. त्यानंतर फोन आला नाही, त्यामुळे त्याच्या मावशीला तूच काय ते सांग. आणि ‘लग्न कर म्हटलं तर कुत्रं पाळलं’ हे सगळ्या कराडला सांगत फिरू नकोस.

आजीला आणि वाघ्याला सांभाळा.

तुमची,
मनू

ता. क. क्रेटवर टाकलेली गोधडी तुला ओळखू आली असणार, पण तू काही बोलली नाहीस. तीच ती, आजीच्या नऊवारीची. इतर काहीही पांघरलं तरी खारी भुंकायची, ही टाकली आणि गप्प झाली. दर रविवारी धुते. ही मैत्रीण मार्चमध्ये परत येतेय, दोन किलोपर्यंत सामान आणेन म्हणाली आहे. जमलं तर आणखी एक शिवून पाठव. ती माझ्यासाठी.