खेळ पडद्यावर दाखवा, पण लोकांच्या हातीही द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

व्हिडिओ गेमच्या क्षेत्रातील मोठ्या घोषणा आता प्रदर्शनाच्या व्यासपीठावरून क्वचितच होतात. कंपन्या आधीच तयार केलेली चित्रफीत ठरलेल्या वेळी इंटरनेटवरून प्रक्षेपित करतात आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतील बातम्याही तिच्याच आधारे लिहिल्या जातात. ही पद्धत आता रुळली आहे आणि तिचे फायदेही मला मान्य आहेत. तरीही या बदलात एक महत्त्वाची गोष्ट हातची निसटत चालली आहे, असे मला कळकळीने वाटते. नवा खेळ किंवा नवे यंत्र कंपनीबाहेरच्या माणसाने, कंपनीच्या मर्जीवर न राहता, सर्वांसमक्ष हाताळून पाहावे आणि त्याविषयी प्रश्न विचारावेत, अशी ती सोय होती. तिच्याविषयी हे पत्र आहे.

या बदलाची ठळक सुरुवात जपानच्या निन्टेन्डो या कंपनीने केली. ‘ई-थ्री’ हे अमेरिकेतील प्रदर्शन १९९५ साली सुरू झाले आणि बहुतांश वर्षे लॉस एंजेलिसमध्ये भरत राहिले. प्रदर्शनाच्या आदल्या एक-दोन दिवसांत बड्या कंपन्यांनी सभागृह भरवून पत्रकार आणि विक्रेत्यांसमोर वर्षभराच्या योजना मांडायच्या, असा रिवाजच पडून गेला होता. एप्रिल २०१३ मध्ये निन्टेन्डोने जाहीर केले, की त्या वर्षी असे भव्य सादरीकरण होणार नाही; त्याऐवजी विक्रेते आणि पत्रकारांसाठी छोटे कार्यक्रम होतील आणि सर्वसामान्य खेळाडूंशी कंपनी इंटरनेटवरून बोलेल. ‘निन्टेन्डो डायरेक्ट’ ही प्रक्षेपणे २०११ च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली असल्याने साधन हाताशी होतेच. पुढे सोनी २०१९ च्या प्रदर्शनापासून पूर्णपणे दूर राहिली आणि त्याच वर्षी तिने ‘स्टेट ऑफ प्ले’ हे आपले प्रक्षेपण सुरू केले. २०२० मध्ये महासाथीमुळे प्रदर्शन रद्द झाले, २०२१ मध्ये ते केवळ ऑनलाइन झाले, नंतरची दोन वर्षे पुन्हा रद्द झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये आयोजक संघटनेने ते कायमचे बंद झाल्याचे सांगितले.

ऑनलाइन प्रक्षेपणाने काय दिले, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. ई-थ्री हे मुळात व्यापाऱ्यांचे प्रदर्शन होते. सर्वसामान्यांसाठी रीतसर तिकिटे विकायला २०१७ साल उजाडावे लागले आणि तेव्हाही ती १५ हजारच होती. त्याआधीची वीस-बावीस वर्षे खेळणाऱ्या माणसापर्यंत जे पोहोचत होते ते आत प्रवेश मिळालेल्या मोजक्या लोकांच्या नजरेतून. प्रक्षेपणाने ही उतरंड मोडली. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातील खेळाडूला आणि बड्या मासिकाच्या संपादकाला तीच गोष्ट त्याच मिनिटाला दिसू लागली. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता हे स्वतः एकेकाळचे प्रोग्रामर. ते कॅमेऱ्यासमोर उभे राहून ज्या साधेपणाने एकेक खेळ समजावून सांगत, त्यात जाहिरातीचा भडकपणा नव्हता. जुलै २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना केवळ त्या प्रक्षेपणांतून ओळखणाऱ्या असंख्य लोकांना घरचे माणूस गेल्यासारखे दुःख झाले.

खेळ घडवणाऱ्यांचाही विचार करावा लागतो. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असल्यामुळे खेळ अर्धाकच्चा असला, तरी त्यातला एखादा भाग व्यासपीठापुरता चकचकीत करून द्यावा लागे. त्यात आठवडेच्या आठवडे जात आणि मूळ काम मागे पडे. आता दाखवण्यासारखे काही तयार झाले की दाखवता येते. चार-पाच जणांनी मिळून केलेल्या लहान खेळालाही दालनाचे भाडे न भरता अशा प्रक्षेपणात दोन मिनिटे मिळू शकतात. त्यामुळे जुने दिवे, जुने पडदे आणि जुना गजर जसाच्या तसा परत आणा, अशी माझी मागणी नाही.

व्यासपीठ म्हणजे सचोटी असेही नव्हते. २००५ च्या ई-थ्रीमध्ये सोनीने ‘किलझोन’ या युद्धखेळाच्या नव्या भागाची जी दृश्ये दाखवली, ती प्रत्यक्ष खेळातली असावीत असा समज पसरला. प्रत्यक्षात ती आधीच स्वतंत्रपणे तयार केलेली संगणकीय चित्रफीत होती. म्हणजे भरल्या सभागृहातही लोकांची दिशाभूल होऊ शकते. फरक इतकाच, की त्याच इमारतीत खाली दालने असत आणि जो खेळ तिथे खेळायला ठेवलेला असेल, त्याविषयी व्यासपीठावर केलेला दावा तास-दोन तासांत पारखून घेता येई.

निन्टेन्डोच्याच २०१० च्या सादरीकरणात याचा पुरावा सापडतो. कंपनीचे गेम-रचनाकार शिगेरु मियामोतो ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ मालिकेतील ‘स्कायवर्ड स्वोर्ड’ हा खेळ व्यासपीठावर स्वतः खेळून दाखवत होते. हातातला कंट्रोलर जसा फिरवावा तशी पडद्यावरच्या नायकाची तलवार फिरणार, हेच त्या खेळाचे मुख्य वैशिष्ट्य होते. प्रत्यक्षात हात एका दिशेला आणि तलवार भलत्याच दिशेला जाऊ लागली. धनुष्याचा नेम पडद्यावर भरकटू लागला. सभागृहातील इतर बिनतारी उपकरणांमुळे अडथळा येत असल्याचा खुलासा तिथल्या तिथे करावा लागला. जगातल्या सर्वांत नामवंत गेम-रचनाकारांपैकी एकावर हा प्रसंग ओढवला आणि तो साऱ्यांनी पाहिला. त्यानंतर लोक प्रदर्शनाच्या दालनात गेले, रांगेत उभे राहिले, तोच कंट्रोलर स्वतः हातात घेतला आणि तिथे तलवार बरीच नीट चालते, असे त्यांच्या अनुभवास आले. कंपनीच्या खुलाशापेक्षा या परक्या हातांनीच खेळाची बाजू सावरली.

आज हेच पूर्वमुद्रित प्रक्षेपणात असते, तर फसलेला तुकडा कापून दुसऱ्या प्रयत्नातला तुकडा जोडला गेला असता. आपल्याला दोष कळला नसता आणि दोषाचे निराकरणही कळले नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती.

त्याच २०१० च्या कार्यक्रमात निन्टेन्डोने ‘थ्री-डीएस’ हे यंत्र जगासमोर आणले. चष्म्याशिवाय त्रिमिती चित्र दिसणे ही त्याची खुबी. ती ना सभागृहाच्या भल्यामोठ्या पडद्यावर दाखवता येत होती, ना घरच्या पडद्यावर दिसणार होती. म्हणून यंत्रे घेतलेल्या कर्मचाऱ्यांना थेट प्रेक्षकांत पाठवण्यात आले आणि प्रत्येकाने ते चित्र आपल्या डोळ्यांनी पाहिले. २००६ मध्ये ‘वी’ या यंत्रासाठी दालनाबाहेर तासन्‌तास रांगा लागल्या, त्याचे कारणही हेच होते. हात हलवून टेनिस खेळता येते, हे कितीही ऐकले किंवा पाहिले तरी हात हलवल्याशिवाय पटण्यासारखे नव्हते. ज्या कंपनीची ओळखच हाताला काहीतरी नवे देणारी अशी आहे, तिनेच सर्वांत आधी समोरासमोरचा मोठा कार्यक्रम सोडावा, याची मला खंत वाटते.

दुसरा मुद्दा श्रोत्यांचा आहे. १० जून २०१३ रोजी, म्हणजे निन्टेन्डोने व्यासपीठ सोडले त्याच वर्षी, सोनीच्या सभागृहात जे घडले ते आठवावे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स वन’ या नव्या यंत्रावर वापरलेले खेळ पुन्हा विकण्यावर आणि इंटरनेट जोडणीवर घातलेल्या अटींमुळे आधीच नाराजी होती. सोनीचे जॅक ट्रेटन यांनी आपल्या ‘प्लेस्टेशन ४’ या यंत्रावर वापरलेल्या खेळांना कोणतेही बंधन नसेल असे सांगताच टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की त्यांना बोलणे थांबवावे लागले. त्यानंतर किंमत आली. त्याच दिवशी मायक्रोसॉफ्टने ४९९ डॉलर सांगितले होते, सोनीने ३९९ डॉलर सांगितले. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने आपल्या अटी मागे घेतल्या. इंटरनेटवरचा रोषही मोठा होता, त्यामुळे हे केवळ टाळ्यांनी घडले असे मी म्हणणार नाही. परंतु कंपनीच्या तोंडावर लोकांचा कौल उमटतो आणि तो साऱ्या जगाला एकाच वेळी ऐकू येतो, तेव्हा तो नजरेआड करणे कोणत्याही व्यवस्थापनाला जड जाते.

किमतीच्या बाबतीत तर जुना आणि नवा काळ यांतला फरक डोळ्यांत भरतो. १९९५ च्या पहिल्याच ई-थ्रीमध्ये सेगा या कंपनीने आपल्या ‘सॅटर्न’ या यंत्राची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. नंतर सोनीच्या कार्यक्रमात स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘२९९’ एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. पहिल्या प्लेस्टेशनची ती किंमत समोर बसलेल्या प्रतिस्पर्ध्यांनी आणि ग्राहकांच्या प्रतिनिधींनी एकाच क्षणी ऐकली. उलट, २ एप्रिल २०२५ रोजी ‘स्विच २’ या नव्या यंत्राची सविस्तर ओळख करून देणारे निन्टेन्डोचे प्रक्षेपण तासभर चालले आणि त्यात किंमत सांगितलीच गेली नाही. अमेरिकेत यंत्र ४४९.९९ डॉलरला आणि त्यावरचा ‘मारियो कार्ट वर्ल्ड’ हा खेळ ७९.९९ डॉलरला मिळणार, हे प्रक्षेपणाबाहेर, लेखी माहितीतून कळले. दुसऱ्या दिवशीच्या थेट प्रक्षेपणाशेजारी उमटणाऱ्या प्रेक्षकांच्या लेखी प्रतिक्रियांत ‘किंमत कमी करा’ अशा मागण्यांचा पूर लोटला; प्रक्षेपण मात्र ठरल्याप्रमाणे पुढे चालू राहिले. सभागृहात हाच सूर उमटला असता, तर व्यासपीठावरच्या माणसाला निदान दोन वाक्ये तरी बोलावी लागली असती. ग्राहकाच्या खिशाशी थेट संबंध असलेली गोष्ट कंपनीने आपल्या तोंडून सांगू नये, हे मला अजिबात पटत नाही.

आता उपायांकडे वळतो, कारण ते अवघड नाहीत आणि ते कंपन्यांना ठाऊकही आहेत. २०१३ मध्ये निन्टेन्डोने अमेरिका आणि कॅनडातील ‘बेस्ट बाय’च्या शंभराहून अधिक दुकानांत आपले नवे खेळ लोकांना खेळायला ठेवले होते. २०१६ च्या प्रदर्शनात व्यासपीठ नसतानाही तिने आपले दालन जवळजवळ ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या झेल्डा मालिकेतील एकट्या खेळाला दिले आणि लोकांनी ते खेळून पाहण्यासाठी रांगा लावल्या. २०२५ मध्येही प्रक्षेपणानंतर न्यूयॉर्क, पॅरिस, लंडन, टोकियो अशा शहरांत ‘स्विच २’ हाताळण्याचे कार्यक्रम झाले. हे स्वागतार्हच आहे. मात्र आधी नाव नोंदवून ज्यांचा क्रमांक लागला, त्यांनाच तिथे प्रवेश होता. असे कार्यक्रम अधिक ठिकाणी आणि अधिक दिवस व्हायला हवेत. जर्मनीतील कोलोन शहरात भरणाऱ्या ‘गेम्सकॉम’ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाला आजही तीन लाखांहून अधिक लोक जातात. स्वतःच्या हाताने खेळून पाहण्याची ओढ संपलेली नाही, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

त्याहून सोपा मार्ग ऑनलाइनच आहे. सप्टेंबर २०१७ मधील निन्टेन्डोच्या प्रक्षेपणात ‘ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर’ हा खेळ दाखवला गेला आणि त्याच दिवशी त्याचा नमुनाभाग विनामूल्य उतरवून घेण्याची सोय करण्यात आली. खेळून पाहणाऱ्यांकडून रीतसर मते मागवली गेली आणि त्यांनुसार खेळात बदल केले गेले. पात्रांना अधिक वेगाने धावता येणे हा त्यांपैकीच एक. संगणकावरील खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात भरणाऱ्या ‘नेक्स्ट फेस्ट’मध्ये तर शेकडो खेळांचे असे नमुनाभाग ठरावीक दिवस कोणालाही खेळता येतात. इंटरनेट हा दोष नाही, हे यावरून दिसून येते. वाद्य घेणारा माणूस ते आधी वाजवून पाहतो. तेवढीच मुभा ७९.९९ डॉलरचा खेळ घेणाऱ्याला मिळावी. खेळ खेळण्याजोगा तयार असेल, तर प्रक्षेपणाच्या दिवशीच त्याचा नमुनाभाग द्यावा, आणि नसेल तर दाखवलेली दृश्ये प्रत्यक्ष खेळातली आहेत की स्वतंत्रपणे तयार केलेली आहेत, हे पडद्यावर ठळकपणे लिहावे. किंमत त्याच प्रक्षेपणात सांगावी आणि प्रक्षेपण संपल्यावर जबाबदार व्यक्तीने पत्रकारांच्या प्रश्नांना थेट उत्तरे द्यावीत.

यात वृत्तपत्रांचा वाटाही मोठा आहे. पूर्वी बातमीदार दालनात जाऊन, खेळ खेळून, रचनाकारांना प्रश्न विचारून लिहीत असे. आता त्याच्यापुढे आपल्यापुढे असलेलीच चित्रफीत असते, त्यामुळे बातमी आणि जाहिरात यांच्यातली सीमारेषा पुसट होण्याचा धोका वाढला आहे. म्हणून आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की अशा प्रक्षेपणाची बातमी देताना दृश्ये कोणत्या प्रकारची होती, कंपनीबाहेरच्या कोणी खेळ हाताळून पाहिला आहे काय आणि किंमत कोठे व कशी जाहीर झाली, याची नोंद बातमीतच करावी. कंपनीने प्रश्न विचारण्याची संधी दिली नसेल, तर तेही स्पष्ट शब्दांत छापावे आणि खेळ बाजारात आल्यावर तो प्रत्यक्ष खेळून लिहिलेल्या परीक्षणाला घोषणेच्या बातमीइतकीच जागा द्यावी.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक