पक्या, चिनूचा रिपोर्ट आला

पक्या,

फोनवर बोलणार होतो पण घरात सगळ्यांचे कान माझ्याकडेच असतात, म्हणून टाइप करतोय. लांबलचक झालंय, ऑफिसात वाचू नकोस. मी बरा, आईचे गुडघे जैसे थे.

चिनूच्या डोक्यात गाठ निघाली. लहान मेंदूत, मागे, मानेच्या जरा वर. ऑपरेशन झालं, पोरगं घरी आलंय आणि स्टेरॉइडमुळे भूक अशी सुटलीये की सकाळी दोन प्लेट पोहे वर जिरावन मसाला मारून हादडतो, तेव्हा आधी श्वास घे. बायोप्सीत पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा आला, ग्रेड 1, म्हणजे सगळ्यात खालचा. हळू वाढतो, सहसा दुसरीकडे पसरत नाही, मुलांमध्येच जास्त दिसतो. काकूंनी तर खजराना गणपतीला लाडू पण चढवून टाकले. जो तो म्हणतो "कॅन्सर नाही ना, मग झालं तर!"

तुला आपला लहानपणीचा मुन्ना आठवला असेल. मला तर एमआरआयच्या बाहेर बसलो तेव्हापासून दुसरं काही सुचतच नव्हतं. वैशालीला मी मुन्नाबद्दल कधी सांगितलंच नाही, आणि आत्ता तर कसं सांगू.

सुरुवात सकाळच्या उलट्यांनी झाली. उठल्या उठल्या ओकायचा, मग दिवसभर टणाटण. एका डॉक्टरांनी ॲसिडिटीचं सिरप दिलं, मग दुसरं सिरप, मग म्हणे शाळा टाळतोय. रात्रभर आडवं झोपलं की डोक्यातलं प्रेशर वाढतं म्हणून त्रास सकाळी, हे मला आता पाठ झालंय. मग अक्षर बिघडलं, मग पाय फाकवून चालायला लागला. न्यूरोसर्जननी समोर बोट धरलं, म्हणाले आधी स्वतःच्या नाकाला लाव, मग माझ्या बोटाला. नाकापासून हात सरळ निघायचा रे, आणि त्यांच्या बोटाजवळ पोचता पोचता असा थरथरायचा की नेम चुकून बाजूला. चिनू हसत होता, त्याला वाटलं गेम आहे. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो.

स्कॅनमध्ये पाण्याची एक मोठी पिशवी आणि तिच्या भिंतीला चिकटलेली, कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शनने चमकणारी गाठ. त्या सगळ्याने चौथं व्हेंट्रिकल, म्हणजे मेंदूतलं पाणी जाण्याची पोकळी, दाबलं, वरचं पाणी तुंबलं. देशात वर्षानुवर्षं एक नंबर स्वच्छ ठरलेलं इंदूर आपलं आणि नाली तुंबली ती माझ्या पोराच्या डोक्यात. (हस की. मी पण हसलो होतो, वैशालीने असं बघितलं!)

आता खरं सांगतो. पूर्ण निघाली असती तर पुढे औषधपाणी काही नाही, अशी 90 टक्क्यांहून जास्त मुलं दहा वर्षांनीही जिवंत असतात, छान असतात. पण गाठीचा एक पातळ पापुद्रा ब्रेनस्टेमला, म्हणजे मेंदूच्या देठाला, चिकटलेला होता, तो सर्जननी मुद्दाम सोडला. ओढला असता तर गिळणं, डोळे, चेहऱ्याची एक बाजू, काहीही जाऊ शकत होतं. तो पापुद्रा वर्षानुवर्षं तसाच पडून राहील, कधी कधी आपोआप आक्रसतो पण म्हणे, किंवा वाढेल. वाढला तर परत ऑपरेशन नाहीतर केमो. रेडिएशन या वयात शक्यतो टाळतात. बीआरएएफ नावाच्या जीनची टेस्ट पाठवलीये, त्यात बिघाड असेल तर त्याच्यावर गोळ्या पण आहेत आता. तोवर दर काही महिन्यांनी एमआरआय आणि बघत राहायचं. मेव्हणा म्हणाला मुंबईला नेऊन काढूनच टाका, तर मुंबईच्या डॉक्टरांनाही सीडी दाखवली, ते पण म्हणाले हात लावू नका. आता बोल! मला काहीतरी करायचंय आणि दोन्हीकडून उत्तर, काही करू नका. म्हणून मी त्याची पावलं बघत बसतो. रात्री पाणी प्यायला उठला तरी. परवा मला म्हणाला, बाबा तुम्ही मागे मागे का फिरता?

रात्री झोप नाही म्हणून वाचत बसतो. हार्वे कुशिंग म्हणून अमेरिकेतला सर्जन होता, त्याने 1931 साली लहान मेंदूतल्या याच जातीच्या गाठींच्या 76 केसेस छापल्या. गाठ नीट निघाली की पेशंट वर्षानुवर्षं जगतात हे त्याने तेव्हाच बघितलं होतं. 1931, पक्या! आणि आपण सातवीत होतो तेव्हा मुन्नाला झाडफूक करायला नेत होते. त्याची गाठ हीच होती का? मेड्युलोब्लास्टोमा नावाचा कॅन्सर पण मुलांना तिथेच होतो आणि तो फार वाईट. डॉक्टर म्हणतील त्याचा चिनूशी काय संबंध, आणि खरंच काही नाही. पण मला कळायला हवंय. आणि त्या मॅचला मुन्ना रनआउट नव्हता, आजही सांगतो. पाय लटपटत होते त्याचे, तरी बॅट क्रीझमध्ये टेकलेली होती. तू बोट वर केलंस आणि पूर्ण उन्हाळा आपण बोललो नाही.

मुन्नाची ताई तुमच्याच भागात राहते ना? तिच्याकडे जुने कागद असतील तर विचारशील? नाही, नको विचारू, एवढ्या वर्षांनी बिचारीला कशाला. की विचार. तू ठरव, तुला असलं नीट जमतं, मला जमत नाही. विचारलंस तर चिनूचं आधी सांग, म्हणजे तिला कळेल कशासाठी ते.

तुझ्या फ्लॅटचं पझेशन मिळालं का? गुड्डीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार सांग, आणि हे त्यांना वाचायला दिलंस तरी चालेल, फक्त आपल्या ग्रुपवर टाकू नकोस.

दिल्या